किडा निघाला, पैसे परत!

दीडशे रुपये गेल्याचं दुःख नाही, काकू सोकावतात. आणि काकूंच्या पाठोपाठ अख्खी बी विंग सोकावते.

पुण्याजवळच्या मांजरी गावाच्या बाजूला दोन गुंठ्यांवर शेडनेट टाकून मी कुंडीतली शेवंती करते आणि दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या गेटाशी टेबल मांडून विकते. टेबलाचं भाडं सोसायटी घेते. शिवाय एक कुंडी 'देवासाठी' म्हणून आत जाते. कुठल्या देवासाठी, हे मी विचारत नाही. परवा भर गिऱ्हाइकीच्या वेळेला या काकू आल्या. मागच्या आठवड्यात पिवळी कुंडी घेऊन गेल्या होत्या. घेताना 'केमिकल मारलेलं नाही ना? घरात नातू आहे, तो पानं खातो,' असं तीन-तीनदा विचारून खात्री करून घेतली होती. नातू पानं का खातो, हेही मी विचारलं नव्हतं. धंद्यात तोंड आवरायला शिकावं लागतं.

या वेळी त्यांच्या हातात हिंगाची रिकामी डबी होती. टेबलावर ठेवून त्यांनी झाकण उघडलं आणि स्वतः दोन पावलं मागे सरकल्या.

"हे बघा, तुमच्या शेवंतीतून काय निघालं!"

आत कापसाच्या बोळ्यावर एक किडा. नखाएवढाही नव्हता. राखाडी-काळा, लांबुळका, अंगावर बारीक काटे, पाठीवर नारिंगी ठिपके, पुढे सहा पाय. मगरीचं पिल्लू फार म्हणजे फारच बारीक करून ठेवावं तसा. हिंगाच्या वासानं बिचारा जरा गरगरला होता, पण जिवंत होता. मी बघताक्षणी ओळखलं. ढालकिड्याची अळी! लाल अंगावर काळे ठिपके असलेला तो गोंडस ढालकिडा सगळ्यांना आवडतो, शाळेतली पोरं त्याची चित्रं काढतात. पण त्याचं बालपण असं काटेरी असतं, हे कुणी पोरांना दाखवत नाही. ही अळी मोठी होईपर्यंत शेकड्यानं मावा, म्हणजे झाडाचा रस पिणारी बारीक कीड, फस्त करते. शेडनेटमध्ये एक दिसली तरी आमच्या मावशी हाक मारून मला बोलावतात.

"अहो काकू, हा तर आपला माणूस!" मी म्हटलं.

"तुमचा असेल. मी रात्रभर झोपले नाही. ह्यांनी मोबाईलवर शोधलं तर मगरीचे फोटो आले."

इथवर प्रकरण दोघींत होतं. मिटलंही असतं. पण तेवढ्यात फिरायला निघालेले एक काका थांबले. पायात स्पोर्ट्सचे बूट, हातात कुत्र्यांसाठी काठी. त्या रस्त्यावर कुत्रं नाही. कुठल्याशा सरकारी खात्यातून निवृत्त झालेले असावेत, कारण कापसाकडे एक नजर टाकून ते म्हणाले, "हात लावू नका. आधी पंचनामा करू."

मला वाटलं, गंमत करताहेत. पण त्यांनी खिशातून बॉलपेन काढलं, मेडिकलच्या दुकानाचं बिल काढून उलटं केलं आणि माझ्याच दोन कुंड्या बाजूला सारून टेबलावर जागा केली. पंच म्हणून इस्त्रीवाला आणि वॉचमन. इस्त्रीवाला आपण होऊन आला होता. वॉचमनला काठीनं खूण करून बोलावण्यात आलं. गेट उघडं राहिलं.

"वस्तूचं वर्णन. किडा, नग एक. लांबी?"

"असेल पाऊण सेंटिमीटर," मी म्हटलं.

"अंदाजे लिहितो. रंग?"

"काळा," काकू.

"राखाडी," मी.

"वादग्रस्त," असं म्हणत त्यांनी ते लिहिलंसुद्धा. "आता अर्जदार, किडा सापडला त्या वेळी तो काय करत होता?"

"कळीखाली बसला होता."

"नुसता? की खात होता?"

"खात होता काहीतरी."

"पान?"

"छे, पानाला कुठे लागतोय! ते काळे काळे बारीक ठिपके होते ना देठावर, तेच मटकावत होता."

"तोच मावा!" मी जवळजवळ ओरडलेच. "मावा खात होता तो, काकू! तुमच्या झाडावरची कीड साफ करत होता!"

क्षणभर मला वाटलं, जिंकले. काकांनी शांतपणे लिहिलं : 'अर्जदाराच्या म्हणण्यानुसार किडा इतर किडे खात असताना मिळून आला.' मग पेन उचलून काकूंकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे किडे दोन प्रकारचे होते."

"अगं बाई!" काकूंनी डबीचं झाकण घट्ट लावलं.

इतका वेळ तक्रार एका किड्याची होती, माझ्या खुलाशानं ती दोन जातींची झाली. टेबलाशी उभ्या असलेल्या एका मुलीनं हातातली पांढरी कुंडी हळूच खाली ठेवली. तिच्या पाठोपाठ तिची आई पलीकडच्या टेबलाकडे वळली. तिथे प्लॅस्टिकच्या शेवंतीच्या माळा होत्या.

आता माव्याबद्दल सांगायला हवं, कारण त्या वेळी मला कुणी सांगू दिलं नाही. शेवंतीवरचा मावा काळपट तपकिरी असतो आणि नेमका कोवळ्या शेंड्यावर, कळीच्या मानेशी गर्दी करतो. त्यातल्या माद्या अंडी घालत बसत नाहीत, थेट पिल्लंच जन्माला घालतात. त्यांना नराची गरज पडत नाही, आणि पोटातल्या लेकीच्या पोटात नात तयार असते. आठवड्याभरात ती लेक स्वतः बाळंतपणाला मोकळी. आमच्या मावशी म्हणतात, "ताई, त्यास्नी नवरा न्हाई, म्हणूनशान येवढी प्रगती." श्रावणातलं ढगाळ हवामान माव्याला मानवतं. त्यात जरा युरिया जास्त पडला की शेंडे लुसलुशीत होतात आणि माव्याची पंगत बसते. वर मुंग्यांचा पहारा. मावा गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो चाटतात आणि त्या बदल्यात ढालकिड्यांना हुसकावून लावतात. त्या चिकट्यावर पुढे काजळीसारखी काळी बुरशी येते. म्हणजे मावा मारायचा तर आधी मुंग्यांचा बंदोबस्त करायचा.

त्यावर मी पाच टक्के निंबोळी अर्क मारते. तोही संध्याकाळी, कारण उन्हात त्याचा जोर राहत नाही. दशपर्णी अर्क एकदा घरच्या गच्चीवर पिंपात करून पाहिला. गोमूत्र, शेण, कडुनिंब, निरगुडी, सीताफळाचा पाला असं सगळं महिनाभर कुजत ठेवलं. मावा गेला, पण आमच्याकडे पाहुणे यायचेही बंद झाले. फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे लावते, पानांत वेड्यावाकड्या पांढऱ्या रेघा काढणाऱ्या नागअळीची पानं हातानं खुडते. आणि फूल उमललं की पंप खुंटीला टांगते, कारण उमललेल्या पाकळीवर काहीही मारलं तरी डाग पडतो. नेमकं विकायच्या दिवसांत झाड असं बिनचिलखताचं असतं. त्या दिवसांत राखणीला कोण? डबीतला तो.

हे सगळं ऐकायला काकांना वेळ नव्हता. ते 'निष्कर्ष' या शब्दाखाली रेघ मारत होते.

मी शेवटचा प्रयत्न म्हणून इतिहास काढला. कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागा एका खवले किडीनं धुळीला मिळायला आल्या होत्या, तेव्हा १८८८ साली अमेरिकेच्या सरकारनं मुद्दाम माणूस ऑस्ट्रेलियाला धाडला आणि तिथून असेच ढालकिडे मागवले. बोटीनं! त्यांनी बागा वाचवल्या.

"म्हणजे हा परदेशी किडा आहे," काका म्हणाले.

"नाही हो, तो वेगळा. हा आपल्याकडचाच."

"मग अमेरिकेचा संबंध काय? मुद्दा बी विंगचा आहे."

इस्त्रीवाल्यानं मान डोलावली. पंच माझ्या विरुद्ध गेले होते.

"काकू," मी म्हटलं, "तुम्हीच म्हणालात ना, केमिकल नको? औषध मारलं असतं तर हा जिवंत राहिला नसता. हा आहे म्हणजेच झाड बिनविषारी आहे."

"औषध नको म्हटलं होतं मी. किडे द्या असं नव्हतं म्हटलं."

यावर उत्तर नाही. रात्री अंथरुणात मला तीन उत्तरं सुचली, तिन्ही चांगली होती.

काकांनी मग उपायही सुचवला. "कुंडीशेजारी डासांची कॉइल का लावत नाही तुम्ही?" मी म्हटलं, काका, कॉइलचा जन्मच शेवंतीच्या भावकीतला. पायरेथ्रमचं पांढरं फूल शेवंतीच्याच कुळातलं. जपानात १८९० च्या सुमारास त्याचीच पूड घालून डासांच्या अगरबत्त्या करायला लागले, आणि आताच्या कॉइलमधली बरीचशी औषधं त्याच फुलातल्या विषाच्या नकला आहेत. काका प्रथमच थांबले. "मग तुमच्या शेवंतीला स्वतःचं रक्षण का करता येत नाही?" प्रश्न चांगला होता. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर तिसरं गिऱ्हाईक प्लॅस्टिकच्या टेबलाकडे निघालं होतं.

त्या टेबलाचं मला खरंच लागतं. शेवंती म्हणजे काय असतं, ते सांगते. जूनमध्ये कलमं लावायची. महिन्याभरात शेंडा खुडायचा, मग फुटलेल्या फांद्यांचे शेंडे पुन्हा खुडायचे. नाहीतर झुबकेदार कुंडीऐवजी एकच काडी उंच जाते आणि वर दोन फुलं. शेवंतीला मोठी रात्र लागते, त्याशिवाय ती नीट कळ्या धरत नाही. दसरा गाठायचा तर ऑगस्टपासून रोज संध्याकाळी पाचला काळं कापड ओढून झाडांना खोटी रात्र दाखवायची, सकाळी सातला काढायचं. एक दिवस आळस केला तर चालत नाही, कारण तिथून कळ्या येऊन उमलायला आठ-नऊ आठवडे जातात. शेजारी एक मंगल कार्यालय आहे. त्यांचा हॅलोजन नेमका माझ्या कोपऱ्यातल्या रांगेवर पडतो, आणि कापडाला जिथे फट राहते तिथली झाडं मध्यरात्री दिवस समजून नुसतीच वाढत बसतात. मी सांगायला गेले तर मॅनेजर म्हणाले, "मॅडम, झाडांना उजेड चांगलाच असतो ना?" दुसऱ्यांच्या लग्नापायी माझ्या कळ्या खोळंबतात. आणि एवढं करून कुंडी दीडशेला, तीही 'शंभरला द्या' ऐकून. प्लॅस्टिकच्या माळेला अडीचशे मोजताना कुणी घासाघीस करत नाही. त्यात किडा निघत नाही म्हणे. बरोबर आहे, किड्यालाही काही अक्कल असते.

निकाल लागला. 'विक्रेतीने ग्राहकास रक्कम रुपये १५० परत करावी.' खाली माझी सही, 'मान्य' या शब्दासह. मी पैसे दिले, कारण मागे सात माणसं उभी होती आणि दिवाळी तोंडावर होती. पैसे दिल्यावर मी कुंडीसाठी हात पुढे केला.

"कुंडी असू दे," काकू म्हणाल्या. "फुलं छान आहेत."

"मग पैसे कसले परत?"

"किड्याचे."

काकांनी बिल घडी घालून खिशात ठेवलं, पंचांना सोडलं आणि जाता जाता जांभळ्या शेवंतीकडे बोट दाखवलं. "एवढी एक फांदी द्याल? लागेल ना?" पुण्यात झाड विकायला बसलेल्या माणसाकडे फांदी फुकट मागायची असते, हा नियम कुणी केला ठाऊक नाही. मी दिली. फुलावर आलेली फांदी सहसा लागत नाही, तेवढं मात्र त्यांना सांगितलं नाही.

डबीतली अळी मी टेबलावरच्या पांढऱ्या कुंडीत सोडली. ती देठावरून चालत सरळ कळीखाली गेली आणि कामाला लागली.

काल काकांचा फोन. नंबर माझ्या बॅनरवरून घेतला होता. त्यांच्या जास्वंदीवर मावा पडला होता, काळा, अगदी पंचनाम्यातल्यासारखा.

"तो आपला किडा आहे का अजून? चार दिवस पाठवता का?"

"आहे," मी म्हटलं. "पण पैसे पडतील."

"किड्याचे पैसे?"

"दीडशे."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग काका म्हणाले, "मग राहू द्या. बी विंगच्या काकूंच्या कुंडीवर अजून तीन-चार आहेत म्हणे, त्या फुकट देताहेत. हल्ली येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवतात, आमचे मित्रकीटक म्हणून."