मानेत सुई टोचली म्हणून गोळ्या बंद करायच्या नसतात

डोकेदुखीचे मूळ नेहमी मानेत असते, मानेच्या स्नायूंत ‘ड्राय नीडलिंग’ची, म्हणजे औषध न घालता नुसती टोचायची, बारीक सुई टोचली की एकाच बैठकीत अर्धशिशी कायमची जाते, सुईने स्नायू फडफडतो तेव्हा साचलेले विष बाहेर पडते, गोळ्यांनीच डोके दुखते म्हणून त्या त्याच दिवशी बंद कराव्यात, तपासण्या करू नयेत, आणि या उपचाराला दुष्परिणाम शून्य आहेत, अशा आशयाचा मजकूर जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरतो आहे. तो वाचून चोपड्याच्या माझ्या मावशीने अर्धशिशीसाठी चालू असलेली प्रोप्रानोलोलची गोळी कोणालाही न विचारता सोडून दिली. एरवी असल्या मजकुराला उत्तर देण्यात मी वेळ घालवला नसता.

गोळ्या बंद करण्याचा सल्ला हा यातील सर्वांत घातक भाग आहे. प्रोप्रानोलोल ही दुखल्यावर घ्यायची गोळी नसून झटके येऊ नयेत म्हणून रोज घ्यायची गोळी आहे, आणि तीच रक्तदाब व हृदयविकारासाठीही दिली जाते. ती एकाएकी थांबवली तर नाडी आणि रक्तदाब उसळू शकतात, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या माणसाला छातीत कळ येण्यापासून हृदयविकाराच्या झटक्यापर्यंत काहीही होऊ शकते. म्हणूनच डॉक्टर ती हळूहळू कमी करत नेतात. गोळ्यांनीच डोके दुखते, या वाक्यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान (अर्धशिशीचा झटका थांबवणाऱ्या गोळ्या) किंवा मिश्र वेदनाशामके १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर त्यांच्यामुळेच डोकेदुखी जडू शकते. पण वेदनाशामक आणि प्रतिबंधक गोळीतला फरक न सांगता सरसकट ‘गोळ्या सोडा’ म्हणणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

तपासण्यांचेही तसेच. बहुतेकांना स्कॅनची गरज नसते, हे खरे आहे. परंतु क्षणात टिपेला पोहोचणारी डोकेदुखी, ताप येऊन मान ताठणे, हातापायातली शक्ती जाणे, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे, यांतले काहीही असताना मानेत सुया टोचून घेत बसणे जिवावर बेतू शकते.

मानेतून निघणारी डोकेदुखी असते, यात वाद नाही. मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंच्या आणि चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूच्या वाटा मेंदूच्या तळाशी एकत्र येतात, म्हणून मानेचे दुखणे कपाळावर जाणवते. रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणाऱ्या मजुरांच्या माना अवघडतात, त्यांना हे वेगळे सांगायला नको. मात्र अर्धशिशीच्या झटक्यात मान दुखते ती बऱ्याचदा त्या झटक्याचाच भाग म्हणून, आणि हा मजकूर त्या लक्षणालाच कारण ठरवतो.

विषाच्या दाव्यावर तर हसावे की रडावे, ते कळत नाही. ही सुई भरीव असते, तिला भोक नसते, तिच्यातून काही आत जात नाही की बाहेर येत नाही. स्नायूचे फडफडणे ही मज्जारज्जूमार्फत होणारी प्रतिक्षिप्त क्रिया आहे.

‘एका बैठकीत कायमची’ या दाव्यासाठी २०२१ मध्ये ‘फिजिकल थेरपी’ या नियतकालिकात आलेला पद्धतशीर आढावा पुरेसा आहे. अर्धशिशी आणि ताणाच्या डोकेदुखीत वेदनेची तीव्रता कमी करण्यात ड्राय नीडलिंग इतर उपचारांहून सरस ठरल्याचे त्यात दिसले नाही. ताणाच्या आणि मानेतून येणाऱ्या डोकेदुखीत दैनंदिन कामांतली अडचण अल्पकाळ कमी झाल्याचे आढळले, पण पुरावा कमकुवत दर्जाचा होता. म्हणजे काहींना थोडा उपयोग होत असेल. ‘कायमची’ मात्र कुठेही नाही.

राहिला दुष्परिणामांचा शून्य. टोचल्या जागी दुखणे आणि रक्त साकळणे नेहमीचेच आहे. पण फुप्फुसाचे टोक गळपट्टीच्या हाडाच्याही वर आलेले असते, आणि मान-खांद्याच्या स्नायूत सुई खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा भरू शकते. कृश माणसाला हा धोका अधिक. सुई टोचून घेतल्यानंतर, अगदी काही तासांनीही, धाप लागली किंवा छातीत टोचू लागले, तर पुन्हा सुई टोचणाऱ्याकडे न जाता थेट रुग्णालय गाठावे.