बाटली, हात आणि फुरसत : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘पुण्यातली खान्देशी’ ताई,

लांब केसांसाठी विकतच्या बाटलीपेक्षा हात, म्हणजे केस हाताळायची पद्धत, महत्त्वाची, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्याखालची तुमची प्रतिक्रिया लेखापेक्षा जास्त वाचली गेली असावी, कारण मैत्रिणी मला तिचेच स्क्रीनशॉट पाठवताहेत. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. खोबरेल आणि शिकेकाई हीसुद्धा प्रॉडक्टच आहेत, मग मी कुणाला फसवते, असं ताई विचारतात. मला जन्मतःच दाट केस मिळाले आणि त्याचं श्रेय मी पद्धतीला देते, असंही त्यांचं म्हणणं आहे. बोअरच्या कडक पाण्यात शाम्पू-कंडिशनरशिवाय कुठलीच पद्धत टिकत नाही, हा आणखी एक मुद्दा. एरंडेल तेल लावावं का, असा एक प्रश्न. आणि जाता जाता हे वाक्य : “तासभर वेणीफणी करत बसायची फुरसत असणाऱ्या बायकांना हे सगळं जमतं. नऊच्या ठोक्याला ऑफिस गाठणाऱ्यांना बाटलीच लागते.”

या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. बाकीचं नंतर, जमलं तर.

मुद्दा पटला नाही तर तसं लिहायला माझी हरकत नसते. इथे माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही आता घरी येऊन चहा पिऊन जातात. पण समोरची बाई रिकामटेकडी आहे असं धरूनच बोलायला लागलं की मग बोलणं केसांचं राहत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, माझा दिवस कसा जातो ते तुम्हाला माहीत नाही, तरी माझ्या फुरसतीचा हिशोब तुम्ही मांडून मोकळ्या झालात.

तर ऐका. विज्ञान शिकवण्याच्या नोकरीची बरीच वर्षं मी चाळीसगावहून धुळ्याला पॅसेंजरने जाऊन-येऊन केली. शाळा सकाळची. जामदा, राजमाने, शिरूड, बोरविहीर ही स्टेशनं मला पाटी न बघता कळायची, कारण हिवाळ्यात पाटी दिसण्याइतका उजेडच नसायचा. बायकांच्या डब्यात नर्स होत्या, शिक्षिका होत्या, कचेरीत टायपिंग करणाऱ्या होत्या, भाजीची पाटी घेऊन येणाऱ्या होत्या. त्यातल्या अनेकींच्या वेण्या कमरेच्या खाली होत्या आणि तासभराची फुरसत एकीलाही नव्हती. रात्री जेवणं आवरली की केस सोडायचे, आधी बोटांनी गुंता काढायचा, मग जाड दातांचा कंगवा टोकापासून सुरू करून हळूहळू वर सरकत न्यायचा, आणि सैल तिपेडी वेणी घालून झोपायचं. सकाळी पुढचे केस ओल्या हाताने बसवले, वेणीचा अंबाडा केला, की निघाल्या. यात तुमचा तो तास कुठे बसतो ते मला दाखवा.

आणि माझी मोठी माय. ती तर तुमच्या लेखी घरातच बसलेली बाई. कापूस फुटला की उजाडायच्या आत वेचायला शेतात, परत आली की भाकऱ्या, मग गुरं. कापसाच्या शेतात केस मोकळे सोडून एकदा जाऊन बघा. वाळलेल्या पाल्याचा चुरा केसांत शिरला की तो निघता निघत नाही. म्हणून अंबाडा, आणि अंबाड्यावर पदर. न्हाणं आठवड्यातून एकदा, कारण पाणी डोक्यावरून आणायचं होतं. मी शाळेच्या गडबडीत कंगवा वरून खाली खसकन ओढला की ती म्हणायची, “काबर इतली घाई करस वं?” तुम्हाला अहिराणी अजून समजत असेल असं धरून चालते.

खरी गफलत अशी की पद्धत म्हणजे जास्तीचं काहीतरी करत बसणं, असा तुमचा समज आहे. मी लिहिलेल्यातलं अर्ध्याहून अधिक न करण्याचं होतं. ओले केस टॉवेलने फटकारायचे नाहीत. न्हाऊन लगेच ओला बुचडा बांधायचा नाही, कारण पाण्याने फुगलेला केस जास्त ताणला जातो आणि कोरड्यापेक्षा लवकर तुटतो. नोटांच्या गड्डीला लावायचं रबर वेणीला लावायचं नाही. कपाळावरची कातडी ताणली जाईल इतकी घट्ट पोनी घालायची नाही. रोज तसंच ओढत राहिलं तर कपाळाजवळचे केस मागे सरकत जातात, आणि फार वर्षं चाललं तर ते परत येत नाहीत. न करायला ऑफिसातून कुणी रजा काढत नाही. उलट शाम्पू, कंडिशनर, मास्क, सीरम, ड्रायर, स्ट्रेटनर हा सगळा क्रम लावून बघा आणि मग मला फुरसतीबद्दल सांगा.

माझ्या भाचीने लग्नाआधी एका पार्लरमध्ये केराटिन ट्रीटमेंट करून घेतली. पैसे मोजले ते मोजलेच. पहिले दोन महिने केस आरशासारखे सरळ होते, मग मधूनच तुटायला लागले. वर्ष संपायच्या आत खांद्यापर्यंत कापावे लागले. ती आयटीत आहे, नऊच्या आत ऑफिस गाठते. बाटली तिलाही लागली होती.

यामागचं कारण मागच्या लेखात होतं, पण तो भाग तुम्ही ओलांडून गेलेल्या दिसता. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतो, वर्षाला १५ सेंटीमीटरच्या आसपास. वाढ होते ती कातडीखाली, मुळाशी. बाहेर आलेल्या केसात जीव नसतो, तो नुसता केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा असतो. त्यामुळे तिथे झालेली जखम भरून येत नाही. एकेक केस साधारण दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत वाढ थांबवतो, तीनेक महिने नुसता जागेवर बसून राहतो आणि गळतो. रोज ५० ते १०० केस जातात ते यातलेच, त्यासाठी बाटली शोधायला जायचं कारण नाही. आता हिशोब करा. ९० सेंटीमीटरच्या वेणीचं टोक डोक्यातून बाहेर आलं त्याला सहा वर्षं झाली. त्या टोकाने जळगाव-भुसावळचे सहा उन्हाळे काढलेत, पारा पंचेचाळीसच्या पुढे नेणारे. स्कूटीवर बांधलेल्या स्कार्फचं घासणं सोसलंय, रात्री उशीवरचं वेगळं. दहा वर्षं नेसलेल्या लुगड्याचा काठ आपण जसा जपून पिळतो तसंच ते टोक हाताळावं लागतं. ‘दुरुस्ती करणारं’ म्हणून जे विकलं जातं ते त्यावर एक थर चढवतं, आणि धुण्यागणिक तो उतरत जातो. फाटा फुटलेल्या टोकावर इलाज एकच, कात्री. केस प्रत्येकीचा वाढतोच, पण ज्या वेगाने वर वाढतो त्याच वेगाने खाली तुटत असेल तर लांबी खांद्यावरच अडते आणि बाई म्हणते, माझे केस वाढतच नाहीत.

आता खोबरेलसुद्धा प्रॉडक्टच, हा तुमचा टोमणा. बरं, विकत घेतलं ते प्रॉडक्ट. मग आमच्याकडे मे महिन्यात पाणीसुद्धा प्रॉडक्टच असतं, टँकरवाला पैसे घेतो. (अमळनेरात १९४५ साली सुरू झालेली वनस्पती तुपाची कंपनी ७८७ नावाचा धुण्याचा साबण करायची, पुढे तीच विप्रो झाली. तेव्हा प्रॉडक्ट कशाला म्हणतात हे या मुलखाला पुण्याने शिकवायला नको.) खोबरेलाचं म्हणाल तर २००३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल अशी तीन तेलं तपासली, तेव्हा केसातून प्रथिनं झिजून जाणं कमी केलं ते एकट्या खोबरेलाने. त्यातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असतो, म्हणून ते केसाच्या आत शिरतं, बाकीची वरवर राहतात. हे संशोधक मॅरिकोचे, म्हणजे खोबरेल विकणाऱ्या कंपनीचेच, आणि त्या कंपनीचा एक कारखाना आपल्या जळगावात आहे. हे तुम्ही शोधून काढून मला ऐकवण्याआधी मीच सांगितलेलं बरं. पण तेच तेल न्हाण्याच्या आदल्या रात्री हलक्या हाताने लावलं तर एक, आणि चोपडून तशाच डोक्याने दिवसभर हायवेच्या धुळीत फिरलात तर दुसरं. बाटली दोन्हीकडे तीच आहे ना?

कडक पाण्याच्या मुद्द्यावर मात्र तुमचं थोडं मान्य. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका धरतं, तो केसांवर बसतो आणि केस राठ होतात. शाम्पूत साबण नसतो, दुसरे डिटर्जंट असतात, त्यांचा तसा साका होत नाही. कंडिशनरने घर्षण कमी होतं, गुंता सुटायला मदत होते, हेही खरं. मागच्या लेखात मी कंडिशनरला दोन ओळी दिल्या होत्या, चार द्यायला हरकत नव्हती. घ्या, दिल्या. मात्र कंडिशनर लावून वर जोराने कंगवा ओढणाऱ्या बायका मी पाहिल्यात, आणि त्यांच्या न्हाणीघराच्या जाळीत अडकलेला गोळाही पाहिलाय. शिवाय पुण्यात धरणाच्या पाण्याने न्हाऊन आमच्या बोअरवर भाषण करणं, यावर मी काही बोलत नाही.

जन्मजात केसांचं म्हणाल तर असेल. २०२३ साली सर्वांत लांब केसांसाठी गिनीज बुकात नोंद झालेल्या प्रयागराजच्या स्मिता श्रीवास्तव यांचे केस तेव्हा ७ फूट ९ इंच होते. वर्षाला १५ सेंटीमीटरने मोजा, एकेक केस पंधरा वर्षं गळला नाही असा अर्थ निघतो. हे कुठल्याही कंगव्याने होत नाही आणि कुठल्या सीरमनेही होत नाही. मी कमरेपर्यंतच्या वेणीबद्दल लिहित होते, गिनीज बुकाबद्दल नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या एवढ्या लांब प्रतिक्रियेत कुठेच नाही आणि बाटलीच्या जाहिरातीतही नसते. रक्त. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. अंगात लोह कमी असेल तर केस पातळ होतात, गळतात. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी जो पुंजकाच्या पुंजका हातात येतो, तो बहुतेकींचा आपोआप थांबतो, पण तेवढ्यात घाबरून तीन बाटल्या आणलेल्या असतात. हिमोग्लोबिन तपासून घ्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खा, गळती थांबतच नसेल तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. केसगळतीवरचं मिनॉक्सिडिलसारखं औषध हे औषध आहे, त्याला मी या वादात ओढत नाही आणि तुम्हीही ओढू नका.

आता तुमचा एरंडेलाचा प्रश्न. एवढी झोड उठवल्यावर माझ्याकडेच सल्ला मागितलात, याचं मला जरा हसू आलं, पण विचारलंत तर सांगते. एरंडेलाने केस भराभर वाढतात याला आधार नाही. ते फार घट्ट असतं आणि लांब केसांत ते घातकही ठरू शकतं. २०१७ साली आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी वीस वर्षांच्या एका मुलीचं प्रकरण नोंदवलं आहे. लांब केस, खोबरेल आणि एरंडेल मिसळून लावलेलं, डोकं धुतलं आणि केसांचा दगडासारखा कडक गोळा झाला. तो सुटला नाही, कापावा लागला. तेव्हा लावायचंच असेल तर खोबरेलात दोन-चार थेंब, तेही फक्त टाळूला. आणि धुताना सगळे केस डोक्यावर गोळा करून चोळू नका, ते खाली मोकळे सोडून वरून पाणी घाला.