कच्च्या लिंबाची दुसरी हीट

स्पीडवे म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतींचा खेळ. त्याच्या प्रोग्रॅममध्ये सगळ्यात जास्त खाडाखोड ज्या नावावर होते, तो सात नंबर, म्हणजे संघातला शेवटचा राखीव. ब्रिटनमधल्या कुठल्याही स्पीडवे स्टेडियमवर जा, पूल असो, इप्सविच असो नाहीतर बेरिक. प्रेक्षकाच्या एका हातात प्रोग्रॅम असतो, दुसऱ्यात पेन असतं आणि तिसरा हात नसल्यामुळे चहाचा कप कठड्यावर ठेवलेला असतो. त्या चहात वळणावरून उडालेली तांबडी माती पडणार, हे तिकिटातच धरलेलं आहे. पेन मात्र हातचं सोडायचं नाही. कारण हीट म्हणजे सामन्यातली एकेक शर्यत, आणि 'चौथ्या हीटमध्ये बदल' अशी घोषणा झाली की अख्खा स्टँड एकाच वेळी, एकाच माणसाच्या नावावर काट मारतो. इतक्या शिस्तीत अपमान दुसऱ्या कुठल्या खेळात होत असेल असं मला वाटत नाही.

मला हा सात नंबर आवडतो. का, ते नेमकं सांगता येणार नाही. पंगतीत जिलबी संपल्यावर ज्याचं पान वाढायला येतं त्याच्याबद्दल जे वाटतं, तसलंच काहीतरी.

खेळ तसा सोपा. चार रायडर, चार फेऱ्या, कायम डावीकडे वळायचं. ट्रॅक साधारण 300 मीटरचा, म्हणजे सगळा मामला मिनिटभरात आटोपतो. मोटरसायकल 500 सीसीची, एकच सिलिंडर, किमान वजन 77 किलो, पेट्रोलच्या जागी मेथॅनॉल. गिअर एकच आणि ब्रेक नाही. 'ब्रेक नाही' हे वाक्य नवख्या माणसाला दोनदा सांगावं लागतं. डावीकडे वळताना मागचं चाक बाहेर फेकायचं आणि पुढचं चाक उजवीकडे धरायचं. डाव्या बुटाखाली पोलादी तळ बांधलेला असतो, तो घासत घासत वळण पार करायचं. पहिल्याला 3 गुण, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1 आणि चौथ्याला त्याच मातीचं दर्शन, पण फुकट.

संघात सात जण. पहिले पाच मानाचे. सहा आणि सात राखीव. दुसरी हीट खास राखिवांची: दोन्ही संघांचे सहा-सात नंबर आपसांत भिडतात. पहिल्या हीटमध्ये दोन्ही बाजूंचे हुकमी एक्के पळालेले असतात, लोकांनी श्वास रोखलेला असतो, आणि दुसऱ्या हीटला तो सोडायला ते भज्यांच्या, म्हणजे तिकडच्या बर्गरच्या, रांगेत जातात. आपल्याकडे लपंडावात धाकट्या भावंडाला घ्यावंच लागतं म्हणून घेतात आणि 'हा कच्चं लिंबू' असं आधीच जाहीर करतात, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की या लिंबाचे गुण मोजतात. सामना दोन गुणांनी हरला की सगळ्यांना अचानक दुसरी हीट आठवते.

आता सात नंबरची खरी परीक्षा. समजा आठव्या हीटमध्ये आपल्या दोन नंबरच्या मोठ्या रायडरनं स्टार्टला आडव्या ताणलेल्या, शर्यत सुटताना वर जाणाऱ्या टेपला धक्का दिला. रेफ्री त्याला बाहेर काढतो. त्यानं पंधरा मीटर मागून सुटायचं किंवा त्याच्या जागी राखीव पाठवायचा, हा मॅनेजरचा निर्णय. मॅनेजर पिटमध्ये, म्हणजे गाड्या ठेवायच्या जागेत, मान वळवतो. सात नंबर तोंडात सँडविच घेऊन मागच्या चाकातली माती खरवडत बसलेला असतो. दोन मिनिटांचा भोंगा वाजतो.

या दोन मिनिटांत त्याला काय काय करायचं असतं, ते क्रमानं बघा. सँडविच गिळायचं. हेल्मेटवर बरोबर रंगाचं कव्हर चढवायचं: यजमान संघाला लाल आणि निळं, पाहुण्यांना पांढरं आणि पिवळं. ते कव्हर नेमकं दुसऱ्याच्या पेटीत असतं. गॉगल. इंजिन बंद पाडणाऱ्या स्विचची दोरी उजव्या मनगटाला अडकवायची, म्हणजे माणूस खाली पडला तर गाडी एकटी फिरत राहत नाही. मेथॅनॉलची तोटी उघडायची. ही तोटी उघडायची विसरणं हा सात नंबरचा राखीव हक्क आहे. कार्ब्युरेटरच्या बाऊलमध्ये असतं तेवढ्यावर इंजिन ऐटीत सुरू होतं, स्टार्टलाइनपर्यंत रुबाबात जातं आणि टेप वर गेली की खोकून गप्प. प्रोग्रॅममध्ये याची नोंद 'इंजिन बिघाड' अशी होते. इंजिन बिचारं निर्दोष असतं.

तोटी आठवली तरी गाडी सुरू व्हायला हवी. तिला किक नाही, बटण नाही. क्लच दाबून मागून दोघांनी ढकलायचं, वेग आला की क्लच सोडायचा. मेथॅनॉलला गार हवेत वाफ व्हायचा कंटाळा. इंग्लंडातल्या एप्रिलच्या संध्याकाळी थंड इंजिनात प्लग ओला होतो आणि ओला प्लग ठिणगी देत नाही. तेवीस सेकंद उरलेले असताना प्लग बदलणाऱ्या माणसाचा चेहरा म्हणजे बोर्डाच्या पेपरात शेवटची पुरवणी बांधणारा विद्यार्थी. खालच्या लीगमध्ये हा प्लग बदलणारा पुष्कळदा रायडरचा बापच असतो. त्यामुळे त्या तेवीस सेकंदांत जे बोलणं होतं ते घरगुती असतं.

स्टार्टलाइनवर पोचल्यावर बुटानं माती उकरून मागच्या चाकासाठी खाच करायची असते. तिकडे याला 'बागकाम' म्हणतात. मोठे रायडर हे बागकाम इतक्या सावकाश करतात की वाटतं आता आळी करून टोमॅटो लावणार. यात कावा असतो. शेजारचा क्लच दाबून, इंजिन रेस करून तयार उभा असतो. क्लच तापतो, प्लेटा फुगतात, पूर्ण सुटत नाहीत आणि गाडी आपोआप बोटभर पुढे सरकते. बोटभरावर टेप असते. टेपला शिवला की तो बाद. ज्याच्या चुकीमुळे हा आला, त्याच चुकीनं हा परत जातो. त्याच्या जागी आता कोणाला पाठवायचं, या विचारात मॅनेजर डोकं खाजवतो, आणि स्टँडमध्ये पेनं पुन्हा निघतात.

समजा सुटला. पकड जास्त मिळाली तर पुढचं चाक आकाश दाखवतं, कमी मिळाली तर मागचं चाक जागच्या जागी दळण दळतं. दोन्हींत बाकीचे तिघं पुढे. मग सुरू होतो मातीचा वर्षाव. मागच्या चाकाशी माती अडवणारी फळी बंधनकारक आहे, आणि ती माती अडवते असं मानायचीही पद्धत आहे. तीन गाड्यांची ओली शेल, म्हणजे ट्रॅकवरची तीच तांबडी माती, छातीवर, गळ्यात, गॉगलवर. गॉगलवर पारदर्शक पट्ट्यांचे थर असतात, एकेक ओढून टाकायची. पण उजवा हात थ्रॉटलवर, म्हणजे मोकळा डावाच, आणि तोही सरळ रस्त्यावर दोन-तीन सेकंदांपुरता. घाईत दोन पट्ट्या एकदम निघतात. मग शेवटच्या फेरीला पट्टी उरत नाही आणि आपला गडी आठवणीवर वळण घेतो.

पुढे जायचा एक रस्ता त्याच्याकडे असतो. काही हीट झाल्या की आतल्या बाजूची सैल माती उडून कुंपणाकडे साचते. आतला पट्टा गुळगुळीत होतो, बाहेर पकड मिळते. शहाणे तिकडे जात नाहीत कारण तिथून कुंपण फार जवळ. सात नंबर जातो. कधी तिघांना वळसा घालून दुसरा येतो, कधी हवा भरलेल्या कुंपणात जाऊन बसतो. मी पैसे याच फेरीसाठी देतो.

आता गणित, कारण या माणसाचं खरं वैर रायडरांशी नसून गणिताशी आहे. प्रत्येकाची सरासरी काढतात: मिळालेले गुण आणि बोनस यांची बेरीज भागिले हीटची संख्या, गुणिले चार. बोनस म्हणजे आपल्याच जोडीदाराच्या मागे पण प्रतिस्पर्ध्याच्या पुढे आलात तर मिळणारा एक. आठ हीटमध्ये 10 गुण आणि 2 बोनस, म्हणजे 12 भागिले 8, गुणिले 4: सरासरी 6. इथवर पाचवीच्या मुलालाही जमेल. गोम पुढे आहे. हंगामाच्या आधी संघ बांधताना सातही जणांच्या सरासरींच्या बेरजेवर मर्यादा असते; आकडा वर्षागणिक बदलतो, मर्यादा कायम. म्हणजे तीनची सरासरी असलेला रायडर हा जावयासारखा सगळ्यांना हवा असतो, कारण तो बेरजेत जागा सोडतो. त्यानं मेहनत केली, नवं इंजिन घेतलं, सरासरी सहावर नेली, की पुढच्या वर्षी तो कुठल्याच संघाच्या बेरजेत मावत नाही. 'फार छान खेळलास, पण तू आम्हाला बसत नाहीस.' जरा सुधारलेल्या माणसाला एवढ्या प्रेमानं घरी पाठवणारी दुसरी व्यवस्था मला ठाऊक नाही.

आणि हंगामाच्या मध्येच सुधारला तर? तो राखिवातून वरच्या पाचांत जातो. तिथे रोज एक्क्यांशी गाठ, शून्यं पडतात, सरासरी घसरते, परत सात नंबर. मोठ्या शहरात बदली मिळून भाड्यापायी परत गावी येणाऱ्या कारकुनासारखी त्याची वारी वर्षभर चालू राहते. राखिवाला एका सामन्यात सात हीटपर्यंत पळवता येतं, एवढं मात्र आहे. चिखलाच्या दिवशी मोठ्यांचे गुडघे दुखायला लागले की सातही हीट याच्याच.

गणितानं दुर्लक्षित केलेल्यांत फक्त सात नंबरच नाहीत. 1936 साली वेम्बलीवर पहिली जागतिक अंतिम फेरी झाली. ऑस्ट्रेलियाचा ब्लूई विल्किन्सन त्या रात्री पाचही हीट जिंकला, 15 पैकी 15. तो आला तिसरा. आधीच्या फेऱ्यांतले बोनस गुण त्यात जोडायचे होते; त्याचे झाले 25, लायोनेल व्हॅन प्राग आणि एरिक लँग्टन यांचे 26-26. विजेतेपद ठरवायला मग ते दोघं पळाले, आणि एकही हीट न हरलेला गृहस्थ बाजूला उभा. 1938 मध्ये त्यानं किताब घेतलाच. उलटं उदाहरण मार्क लोरमचं: 2000 साली जागतिक स्पर्धेतली एकही ग्रां प्री फेरी न जिंकता तो जगज्जेता झाला, केवळ सातत्यानं वरच्या क्रमांकांत राहून. गणित कधीकधी लाजून परतफेड करतं म्हणायचं. फे टेलर या आयरिश बाईंच्या बाबतीत तीही झाली नाही. ती पुरुषांना हरवत होती. 1930 मध्ये ब्रिटनमध्ये बायकांना स्पीडवेच बंद. नावावर काट मारायची ही सगळ्यात सोपी रीत.

दुर्लक्षित वेगळे आणि नावडते वेगळे. नावडता व्हायला आधी पुढे यावं लागतं. पहिल्या वळणावर बाहेरच्याला कुंपणाकडे नेणारा, पडून हीट थांबवणारा, हे नावडत्यांचे मूळ प्रकार. ज्याची चूक त्याच्या रंगाचा दिवा रेफ्री लावतो. दिवा लागायच्या आत स्टँडनं निकाल दिलेला असतो. सगळ्यात थोर हुर्यो बहुधा ब्रूस पेनहॉलच्या वाट्याला आली. 1982 च्या ओव्हरसीज फायनलमध्ये, म्हणजे जागतिक स्पर्धेच्या एका पात्रता फेरीत, लंडनच्या व्हाइट सिटीवर या अमेरिकी जगज्जेत्यानं आपल्या देशबांधवांना पुढे जाता यावं म्हणून एक हीट सोडून दिली. ब्रिटिश माणसाला हरणं चालतं, पण रांगेत मुद्दाम मागे उभं राहिलेलं चालत नाही. त्याच वर्षी त्यानं लॉस एंजेलिसमध्ये किताब राखला आणि तिथेच निवृत्ती जाहीर केली.

नावडत्यांची सगळ्यात मोठी पंचाईत मात्र 'गेस्ट' नावाचा नियम करतो. तुमचा एक्का जायबंदी असेल तर दुसऱ्या क्लबचा, तेवढ्याच किंवा कमी सरासरीचा रायडर एका रात्रीपुरता आणता येतो. म्हणजे गेल्या आठवड्यात ज्याला तुम्ही घसा बसेपर्यंत शिव्या घातल्या, तो आज तुमच्या संघाचं जॅकेट घालून उभा. पहिली हीट जिंकला की टाळ्या वाजवायच्या की नाही? निष्ठावंत लोक यावर मधला मार्ग काढतात: तीन गुण लिहितात, पण वर बघत नाहीत.

पंधराव्या, शेवटच्या हीटला दोन्ही मॅनेजर आपापले सर्वोत्तम दोघं निवडतात. सात नंबर त्यात क्वचितच. तेव्हा तो पिटच्या मागे गाडी धूत असतो. मेथॅनॉल पाणी ओढतं आणि कार्ब्युरेटर गंजवतं, म्हणून टाकी रिकामी करायची. चेन काढून धुवायची. मग मागचा टायर. कायम डावीकडे वळल्यामुळे त्याची एकच कड झिजते, दुसरी जवळजवळ कोरी राहते. एक्के नवा घालतात. हा रिममधून टायर काढतो, उलटा फिरवून बसवतो आणि कोऱ्या कडेवरून एकदा अंगठा फिरवतो. उद्या दुसऱ्या गावात, दुसऱ्या क्लबकडून, पुन्हा दुसरी हीट आहे.