‘लाईट गेली की हीटर विझतो’: दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

दोनच तारे दिलेत, हरकत नाही. पण ‘लाईट गेली की गॅस हीटर अर्ध्या तासात विझतो, मिस्त्रीने डायरेक्ट करून दिला नाही, वर 250 रुपये घेऊन नवा घ्या म्हणाला’ हे वाचून उद्या कोणी दुसरीकडून डायरेक्ट करून घेईल, म्हणून लिहितो.

तुमच्या त्या जुन्या हीटरला मुळात वीज लागतच नाही. पायलटची, म्हणजे आत सतत जळणारी छोटी ज्योत थर्मोकपलचं (उष्णतेवर वीज देणाऱ्या धातूच्या काडीचं) टोक तापवते, त्यातून जेमतेम 20-30 मिलीव्होल्ट निघतात आणि तेवढ्यावर आतलं चुंबक गॅसचा वॉल्व्ह उघडा धरतं. पेटवताना बटण दाबून थांबावं लागतं ते त्याचसाठी. इन्व्हर्टर घेऊन काही फरक पडणार नाही.

मग लाईट गेल्यावरच का विझतो? एरवी बैठकीचं दार उघडं, स्वयंपाकघरात एग्झॉस्ट चालू. लाईट गेली की घरची सगळी मंडळी एका खोलीत, दाराखाली सतरंजी, झरोक्यात रद्दी कोंबलेली. जानेवारीत लश्कर भागातल्या जुन्या घरांत काय गारठा असतो ते मलाही ठाऊक आहे. पण हवा कोंडली की ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून 18 च्या आसपास येतो, पायलटची ज्योत थर्मोकपलपासून सुटते आणि वॉल्व्ह मिटतो. कंपनीने मुद्दामच तशी सोय केलेली असते. रद्दी काढल्यावर हीटर तुमच्यासमोर तासभर चालला, तेवढं लिहायचं राहिलं बहुतेक.

डायरेक्ट करणं म्हणजे हीच सोय बाद करणं. करून देणारे बाजारात आहेत. मग कोंडलेल्या खोलीत तो जळतच राहणार आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचणार. त्याला वास नसतो. सिलिंडरच्या गॅसला येतो तो वरून मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. सासूबाई त्याच खोलीत झोपतात असं तुम्हीच सांगितलंत. आमच्याकडून हे काम होणार नाही, तारे एकावर आले तरी.

250 रुपये व्हिजिटचे, फोनवर आधीच सांगितले होते. त्यातच पायलटच्या हवेच्या भोकातलं कोळ्याचं जाळं काढलं. नवा हीटर घ्या असं आमचा मिस्त्री मुलगा म्हणाला नाही, नवी नळी घ्या म्हणाला. नारिंगी नळीवरची 5 वर्षांची मुदत कधीच उलटली आहे, वाकवून बघा, भेगा दिसतील.

झरोका मोकळा ठेवा, झोपताना हीटर आणि रेग्युलेटर दोन्ही बंद करा. नळी दुकानात आहे. मुलगा येऊन बसवेल, व्हिजिट पुन्हा लागणार नाही.