ठाण्यात बसून तेरचे धनी

परवा रात्री दीडच्या सुमारास मी दख्खनचा सम्राट झालो. क्रुसेडर किंग्ज 3 हा राजघराणं चालवायचा कंप्युटर गेम, सुरुवात 1066 ची, घराणं उत्तर कोकणचे शिलाहार. तीन पिढ्या खपल्या, एक भाऊ विष घालून मारावा लागला (त्याबद्दल वाईट वाटतंय), देवगिरी घेतली, कर्नाटकाचा मोठा लचका तोडला आणि बटण उजळलं: सोनं मोजा, साम्राज्य स्थापन करा. मोजलं. मुकुटाचं चित्र बदललं. मला मात्र हसू आलं, कारण मी अंबरनाथचा आहे.

आमचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं, हे आम्हाला लहानपणापासून ऐकून पाठ. उत्तरेच्या दाराच्या आतल्या तुळईवर लेख आहे, शके 982 चा, म्हणजे 1060. त्यात माम्वाणिराजाचं नाव येतं. गेम सुरू होतो त्याच्या जेमतेम सहा वर्षं आधी. ज्या घराण्याला मी सम्राट केलं, त्याचा त्या काळातला खरा किताब होता महामंडलेश्वर, म्हणजे मोठा मांडलिक. आणि गेमच्या शिडीत या शब्दाला पायरीच नाही.

खेळत नसलेल्यांसाठी थोडक्यात: शिडीच्या मुख्य पायऱ्या पाच. बॅरन, काउंट, ड्यूक, किंग, एम्परर. भारतात आलं की ड्यूकचा राजा होतो, किंगचा महाराजा, एम्पररचा सम्राट. सगळा नकाशा आधीपासून या पायऱ्यांत वाटून ठेवलेला. कोकण ही राजाची जागा, महाराष्ट्र महाराजाची, डेक्कन सम्राटाची. ठरलेल्या जमिनीतली निम्म्याहून जास्त हातात आली की वरचा किताब तयार करता येतो.

आपल्याकडच्या गेमर मंडळींची तक्रार ठरलेली असते. नावं चुकली, सीमा चुकल्या, आपल्याला जागाच दिली नाही. एज ऑफ एम्पायर्स 2 या दुसऱ्या गेममध्ये 2022 साली 'इंडियन्स' या एकाच गटाचे हिंदुस्तानी, गुर्जर, द्रविड आणि बंगाली असे चार केले, तेव्हा 'मग देवगिरी कुठे?' यावर रात्र-रात्र भांडणं झाली. त्यातून पुढे यादव मराठी की कन्नड, आणि मग सगळे एकमेकांना ब्लॉक. मीही त्यात होतो. मलाही तेव्हा वाटायचं की नावं बरोबर केली की काम झालं. म्हणून एका शनिवारी बसलो, गेमच्या मजकुराची फाइल उघडली आणि 'राजा'च्या जागी 'महामंडलेश्वर' लिहून टाकलं. छोटासा मॉड, म्हणजे खेळणाऱ्याने गेममध्ये केलेला बदल. दिसायला झकास. दोन तास खेळलो आणि कळलं की काहीही बदललेलं नाही. ड्यूकच्या अंगात फक्त धोतर आलं होतं.

चूक नावात नाहीच. चूक या समजुतीत आहे की किताब म्हणजे जमिनीच्या तुकड्याचा सातबारा.

शिलाहारांचंच बघा. ताम्रपटांत ते स्वतःला तगरपुराचे अधिपती म्हणवतात. तगर म्हणजे आजचं तेर, धाराशिव जिल्ह्यातलं. आता ठाण्यात बसलेल्या राजाने घाट चढून, भीमा ओलांडून तेरवर राज्य केलं का? नाही. आपलं घराणं मूळचं तिथलं, एवढंच त्याला सांगायचंय. सौंदत्तीचे रट्ट स्वतःला लत्तलूरचे म्हणजे आपल्या लातूरचे धनी म्हणवत. गोव्याचे कदंब बनवासीचे. यादव तर थेट द्वारावतीचे, सिन्नरकडे राहून! गेममध्ये यातल्या प्रत्येकाला तेर, लातूर, बनवासी आणि द्वारकेवर 'क्लेम' म्हणजे हक्क मिळाला असता आणि दुसऱ्या दिवशी फौजा निघाल्या असत्या. प्रत्यक्षात तो क्लेम नव्हता. आपण लग्नपत्रिकेत मूळ गाव लिहितो ना, तसं काहीसं. फरक इतकाच की ते तांब्यावर कोरलं जायचं.

माझं सगळ्यात आवडतं बिरुद मात्र 'समधिगतपंचमहाशब्द'. पाच महाशब्द मिळालेला. दख्खनमध्ये याचा अर्थ साधारण असा लावतात की शृंग, शंख, भेरी, जयघंटा आणि तम्मट ही पाच वाद्यं वाजवायचा मान त्या सामंताला वरून मिळाला आहे. म्हणजे दर्जा ऐकू यायचा. कोण येतंय हे नकाशावर बघायची गरज नाही, आधी आवाज येतो, मग माणूस. (कल्याण स्टेशनवर लग्नाच्या वराती बघून मोठा झालेल्या माणसाला हे लगेच पटतं.)

आणि मग भादाणे. भिवंडी तालुक्यातलं गाव, तिथला शिलाहार अपराजिताचा ताम्रपट, 997 सालचा. शिलाहारांचे धनी राष्ट्रकूट, त्यांचं राज्य चालुक्य तैलपाने 973 च्या सुमारास बुडवलं. धनी संपला. गेममध्ये या क्षणी काय होतं? साम्राज्य फुटतं, खालचे सगळे स्वतंत्र होतात, नकाशावर नवे रंग उमटतात आणि तुम्ही लगेच शेजाऱ्यावर चाल करता. अपराजित काय करतो? चोवीस वर्षांनंतरही आपल्या दानपत्रात राष्ट्रकूटांची अख्खी वंशावळ देतो आणि त्यांचं राज्य गेलं म्हणून हळहळतो. नव्या चालुक्यांना धनी म्हणत नाही, पण स्वतःचे किताब मांडलिकाचेच ठेवतो. जो उरलेलाच नाही अशा सम्राटाचा मांडलिक! सांगा, ही गोष्ट कुठल्या पायरीवर बसवायची?

उलटं उदाहरणही याच घराण्यात आहे. अलिबागजवळच्या आक्षीच्या शिलालेखात केसीदेवरायाला काय म्हटलंय माहितीये? पश्चिम समुद्राचा अधिपती आणि 'कोंकणा चक्रीवर्ती'. चक्रवर्ती, तेही कोकणाचा. (या लेखाच्या सालाच्या वाचनावर अभ्यासकांत वाद आहे, या नावाचे राजेही एकाहून जास्त झाले. तो वाद इथे कमेंटमध्ये नको, प्लीज.) गेमच्या हिशेबात हा ड्यूक-सम्राट झाला. बटणच नाही त्याला. दगडावर मात्र आहे.

हे फक्त आपल्यावरच अन्याय म्हणून सांगत नाहीये. ही शिडी युरोपलाही नीट बसत नाही. सुरुवातीच्या नॉर्मंडीच्या सत्ताधीशांना कागदोपत्री काउंटही म्हटलंय आणि ड्यूकही. 1066 मध्ये विल्यम इंग्लंडचा राजा झाला, तरी नॉर्मंडीपुरता तो फ्रान्सच्या राजाचा मांडलिकच. कॉन्स्टँटिनोपलचे लोक स्वतःला रोमन म्हणवत. 'बायझंटाइन' हे नाव त्यांचं राज्य बुडाल्यावर सोळाव्या शतकात रूढ व्हायला लागलं. फरक असा की युरोपात ही शिडी निदान त्याच मातीतल्या लाकडाची आहे. आपल्याकडे ती आणून भिंतीला टेकवली आहे.

गेम बनवणाऱ्यांची बाजूही मला समजते. कंप्युटरला आकडा लागतो. कोण कोणाच्या वर, कोणाला किती सैन्य, मेल्यावर कोणाला काय. 'आठवणीने मांडलिक' असा आकडा नसतो. आणि खरं सांगायचं तर माम्वाणिराजाच्या आधी कोण, नंतर कोण हे मी शाळेत शिकलो नाही, या गेमच्या नादाने शोधलं. 867 च्या सुरुवातीत मान्यखेटचा राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष समोर आला, तेव्हा पहिल्यांदा वाचलं की अरब व्यापारी ज्याला 'बल्हरा' म्हणत आणि जगातल्या चार मोठ्या राजांत मोजत, तो हा. बल्हरा म्हणजे वल्लभराज. पृथ्वीचा लाडका. तोही पुन्हा जमिनीचा किताब नाहीच.

पण एक गोष्ट करता आली असती. प्रत्येक राजाला दोन नावं द्यायची. एक, धनी त्याला काय म्हणतो ते. दुसरं, तो स्वतःच्या ताम्रपटात स्वतःला काय म्हणवतो ते. दोन्हींतलं अंतर वाढलं की समजायचं, हा उठाव करणार. दख्खनचा इतिहास वाचताना आपण हेच तर करतो! यादव चालुक्यांचे महामंडलेश्वर होते. पुढे रामचंद्रदेवाच्या काळात पंढरपूरच्या लेखात 'प्रौढप्रतापचक्रवर्ती' येतं. मधली शंभर-दोनशे वर्षं किताब कसकसे फुगत गेले त्यात वाचता येतात. त्यासाठी नकाशाला नवा रंग द्यायची गरज नाही.

सध्या माझ्या सेव्हमध्ये बाराव्या शतकाचा मध्य चालू आहे. किताबाचं नाव बदलायची सोय गेममध्ये आहे, म्हणून 'डेक्कन' खोडून तिथे 'तगरपूर' लिहिलंय. तेर माझ्या ताब्यात आहे की नाही, ते मात्र अजून बघितलेलं नाही.