बेट वाचवायचंय? आधी पॉलिसी वाचा

अभिनंदन! चिलखत तयार झालं, छातीतला दिवा लुकलुकायला लागला, तळपायांतून जाळ काढत छपराएवढं उडूनही झालं. आता एवढ्या खर्चाचं चीज करायचं तर कोणाला तरी वाचवलं पाहिजे. नवखे सुपरहीरो नेमके इथेच चुकतात. आग दिसली की धावत सुटतात. कारखान्यांची वस्ती, हॉस्पिटलचा तळमजला, कापडाचं गोदाम, काहीही चालतं त्यांना. अहो, अशा ठिकाणी अग्निशमन दल जातं. रोज जातं, पगारावर जातं, म्हणून तर त्याच्याकडे कोणी मान वर करून बघत नाही. तुम्ही त्या गर्दीत घुसलात तर जिन्यावरून म्हाताऱ्यांना उचलून खाली आणा, असली कामं गळ्यात पडतील. चिलखताला पोचे येतात आणि फोटोत नुसता धूर दिसतो.

तुम्ही आपलं आलिशान बेट धरा. चहूकडे निळं पाणी, पांढरी वाळू आणि पाण्यात खांब रोवून उभे केलेले व्हिला. ही पाण्यावरच्या खोल्यांची टूम 1967 साली फ्रेंच पॉलिनेशियातल्या रायातेआ बेटावर निघाली; तिथे हॉटेलला धड किनाराच नव्हता, म्हणून खोल्याच पाण्यात नेल्या. पुढे ती जगभर पसरली. तुमच्या कामाचा भाग एवढाच, की या व्हिलांची जमीन लाकडी, भिंती लाकडी, वर झावळ्यांचं छप्पर आणि सगळ्यांना किनाऱ्याशी जोडणारी लाकडी वाट बहुधा एकच. ज्याने कोणी हा आराखडा काढला, त्याला तुमच्या धंद्याविषयी खास जिव्हाळा असणार.

शत्रूच्या बाबतीतही चोखंदळ राहा. बंदूकवाला घेऊ नका, गोळी कॅमेऱ्यात दिसत नाही. अंगातून ज्वाळा निघणारा अतिरेकी मिळाला तर सोडू नका. अंधारात उठून दिसतो, पाण्यात त्याचं प्रतिबिंब पडतं, आणि तो चांगला की वाईट याबद्दल कोणाच्या मनात शंका राहत नाही. तो का पेटलाय हे मात्र विचारायचं नाही. चौकशी लांबली की ती फिरून फिरून दोनच ठिकाणी येते: तुमच्या कंपनीची घाईघाईने बंद केलेली एखादी प्रयोगशाळा, नाहीतर हे बेट मोकळं करताना पलीकडच्या बेटावर हलवलेलं मच्छीमारांचं गाव. दोन्हींपैकी काहीही निघालं तरी पत्रकार परिषदेचा विचका होतो. ‘माथेफिरू’ म्हणा आणि शिरस्त्राणाची झडप खाली ओढा.

आता चिलखताकडे येऊ. विकणारा तुम्हाला वितळणबिंदू सांगेल, आणि तेवढाच सांगेल. ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सियसला वितळतं, सोनं 1064 ला, टायटॅनियम 1668 ला. आकडे ऐकून छाती फुगते. त्या छातीचा वितळणबिंदू मात्र माहितीपत्रकात बारीक अक्षरांतसुद्धा नसतो. कातडी 44 अंशांच्या वर बराच वेळ राहिली की भाजायला लागते. 60 अंशांना पाचेक सेकंद पुरे होतात. म्हणजे टायटॅनियमला अजून सोळाशे अंशांची सवड असते तेव्हा तुमचा निकाल लागलेला असतो. चिलखत शाबूत राहील याची खात्री बाळगा. पुढच्या मालकाला ते जवळजवळ कोरं मिळेल.

बरं, आगलाव्याने तुम्हाला मिठीच मारली पाहिजे असं नाही. तापलेल्या वस्तूतून बाहेर पडणारी उष्णता तिच्या निरपेक्ष (म्हणजे उणे 273 अंशांपासून मोजलेल्या) तापमानाच्या चौथ्या घातात वाढते. तापमान दुप्पट, तर उष्णता सोळापट. तो दहा पावलांवर उभा राहून नुसता चिडला तरी तुमचा पत्रा तापतो. शिवाय आतली भट्टी वेगळीच. माणूस स्वस्थ बसला तरी शरीरातून साधारण 100 वॉट उष्णता बाहेर पडते, हाणामारीत त्याच्या कितीतरी पट. ती घामावाटे जायची तर घाम वाळायला हवा. बंद चिलखतात तो वाळत नाही, आणि बेटावरच्या दमट हवेत चिलखताबाहेरही वाळायला कुरकुरतो. एकूण काय, शिट्टी नसलेला कुकर. चंद्रावर गेलेल्यांनी यावर तोड काढली होती. अंगालगत बारीक नळ्यांचा कपडा, नळ्यांत खेळणारं पाणी, आणि ते गार ठेवायला पाठीवरच्या पेटीत बर्फ तयार होऊन बाहेरच्या निर्वात पोकळीत उडून जायचा. तुम्हीही करून बघा. निर्वात पोकळी मिळेल का, हे रूम सर्व्हिसला विचारा; या दर्जाच्या ठिकाणी नाही म्हणायची पद्धत नसते.

जुन्या जाणत्यांचा अनुभव हवा असेल तर जुलै 1187 मधली हत्तीनची लढाई आहे. क्रुसेडचे, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाचे, सरदार लोखंडी कड्यांच्या चिलखतात, माथ्यावर ऊन, घशाला कोरड, आणि गॅलिलीचा तलाव नजरेच्या टप्प्यात. चिलखत त्या काळच्या मानाने अव्वल होतं. समोरच्या सुलतान सलाहुद्दीनच्या माणसांनी त्याच्यावर फारशी डोकेफोड केली नाही. वाळलेलं गवत पेटवून दिलं आणि धूर वाऱ्यावर सोडला. राजा पकडला गेला, ऑक्टोबरात जेरुसलेमही गेलं. यातून कोणी म्हणेल की पाणी जवळ असून उपयोग नाही, ते हाताशी लागतं. तुमच्या बेटाला तर चहूबाजूंनी समुद्रच आहे! तेव्हा चिलखत लालभडक झालं की बेधडक उडी घ्या.

उडीचं दृश्य भव्य होतं, यात वाद नाही. पाण्याची वाफ झाली की तिला मूळ पाण्याच्या सुमारे 1700 पट जागा लागते, आणि तुमच्या गुडघ्याच्या, कोपराच्या, मानेच्या सांध्यांतून आत शिरलेलं पाणी ती जागा तुमच्याकडेच मागतं. फायरमन लोक वाफेला ज्वाळेइतकंच वचकून असतात, पण त्यांचं काय ऐकायचं, ते लाल गाडीतून येतात. यातूनही वर आलात तर दर लिटरमागे 35 ग्रॅम मीठ घेऊन वर याल. चकचकीत पोलादाला त्या मिठातल्या क्लोराइडने बारीक बारीक खड्डे पडतात आणि सांधे धरायला लागतात. छातीतली बॅटरी लिथियमची असेल तर तिला ना उष्णता सोसते, ना खारं पाणी. तिच्यातला एक घट भडकला की शेजारचा भडकतो, तो त्याच्या शेजारच्याला भडकवतो. मग बेटावर अंगातून ज्वाळा निघणारे दोघेजण होतात आणि सुरक्षारक्षकांची पंचाईत होते.

लढाईची जागा मालकाच्या सोयीने निवडा. वाळूवर कोणी लढत नाही, वाळूत जळण्यासारखं काही नसतं. शत्रूला फेकायचंच आहे तर झावळ्यांवर फेका. वाळलेल्या झावळीची ठिणगी वाऱ्याबरोबर पुढच्या छपरावर जाते, तिथून पुढच्या, आणि पाहुण्यांना ओळीने बसून बघता येतं. दुसरी चांगली जागा म्हणजे तलावामागची पंपाची खोली. पोहण्याच्या पाण्यात टाकायचं क्लोरीन तिथे भुकटीच्या डब्यांत ठेवलेलं असतं. डब्यावर पिवळ्या चौकोनात वर्तुळ आणि त्यावर ज्वाळा असं चित्र असतं. ती भुकटी आगीला ऑक्सिजन पुरवते, आणि त्यात नुसतं तेल किंवा डिझेल सांडलं तरी पेट घेऊ शकते. आता असं चित्र रंगवलेल्या दाराआड, अंगातून ज्वाळा निघणाऱ्या माणसाला ठोसा मारून ढकलायचं, ही सूज्ञपणाची परिसीमा झाली. पण पडद्यावर हाच क्षण लोकांच्या लक्षात राहतो, हेही खरं.

तिथून चार पावलांवर जनरेटर आणि डिझेलची टाकी असते. अशा बेटांवर वीज बऱ्याचदा डिझेलवर, आणि त्याच विजेवर समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र. जनरेटर बंद पडला की आग विझवायचा पंप बंद, प्यायचं पाणी बंद, आणि थंडगार टॉवेलही बंद. शेवटची बातमी व्यवस्थापनाला सगळ्यात आधी कळते. बाहेरून कुमक येईल या भरवशावर राहू नका. मालदीवसारख्या ठिकाणी समुद्रावर उतरणारी विमानं दिवसाउजेडीच उडतात, आणि आगलाव्या दिवसाउजेडी येण्याइतका खुळा नसतो.

या जनरेटरच्या मागे, पाहुण्यांना दिसणार नाही अशा बेताने, कर्मचाऱ्यांच्या खोल्या असतात. तिथल्या लोकांपासून सावध राहा. तुम्ही हवेत कोलांट्या मारत असताना त्यांतला कोणीतरी गुपचूप जाऊन स्वयंपाकघराच्या गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करतो. कोणी ओली चादर डोक्यावर घेऊन शेवटच्या व्हिलातल्या जोडप्याला लाकडी वाटेवरून वाकून वाकून आणतो, कारण धूर वर साचतो आणि श्वास घेण्याजोगी हवा खाली उरते. हे त्याला कुठल्याशा सरावात दोनदा सांगितलेलं असतं, तेवढ्यावर तो निभावतो. त्याच्या अंगात गणवेशाचा पॉलिस्टरचा शर्ट असतो. पॉलिस्टर जळायच्या आधी वितळतं आणि वितळून कातडीला चिकटतं. त्याचा वितळणबिंदू मात्र कोणी कधी ब्रोशरमध्ये छापत नाही. अशी माणसं फोटोच्या चौकटीत आली तर तुमची उंची कमी दिसते. मॅनेजरला आधीच सांगून ठेवा, तो समजूतदार असतो. फार तर त्या चादरवाल्याला महिन्याचा उत्तम कर्मचारी करतील, मागच्या जिन्यापाशी फोटो लावतील. तिथे पाहुणे जात नाहीत.

पाहुण्यांची काळजी करू नका. ते घाबरत नाहीत, ते चित्रण करतात. एखाद्याने जळत्या पुलावर उभं राहून ‘जरा डावीकडे सरका’ म्हटलं तर सरका. त्याने समुद्राच्या बाजूच्या खोलीचे पैसे भरलेत.

आता खरी मेख. शत्रूवर कुठला शिक्का मारायचा, हे तोंड उघडण्यापूर्वी विमा कंपनीला विचारून घ्या. 2001 नंतर कंपन्यांनी नेहमीच्या मालमत्ता विम्यातून दहशतवाद झपाट्याने वगळायला सुरुवात केली; तो हवा असेल तर वेगळा हप्ता. आग म्हणजे आग, तिची भरपाई मिळते. तीच आग अतिरेक्याने लावली तर फाइल दुसऱ्या टेबलावर जाते, आणि त्या टेबलावरचा साहेब जेवायला गेलेला असतो. ब्रिटनमध्ये बॉम्बस्फोटांच्या दाव्यांनी कंपन्या हबकल्या, तेव्हा 1993 मध्ये सरकारच्या पाठबळावर वेगळा निधी उभारावा लागला. अमेरिकेनेही 2002 मध्ये अशाच सरकारी पाठबळाचा कायदा केला. त्यात हल्ला दहशतवादी होता असं अर्थमंत्र्याने रीतसर प्रमाणित करायचं असतं. मूळ कायद्यात हल्लेखोर परदेशी हिताच्या वतीने आलेला हवा होता. ती अट 2007 मध्ये काढली. 2013 मध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्ब फुटले, माणसं मेली, सगळ्या जगाने त्याला दहशतवादी हल्ला म्हटलं, पण या कायद्याचा शिक्का काही बसला नाही. आणि तुम्ही काय करता? दंड उंचावून बेटावरून गर्जना करता, ‘अतिरेक्या, तुझी वेळ भरली!’ एका वाक्यात मालकाचे चाळीस व्हिला अपवादाच्या कलमात. त्यापेक्षा ‘अहो गृहस्थ, तुमच्या अंगाला आग लागलीये’ असं म्हणा. कायद्याच्या दृष्टीने ते निर्धोक आहे, आणि खोटंही नाही.

तुम्ही स्वतः पाडलेल्या भिंतींचं काय, हा प्रश्न कोणी काढला तर तातडीचं बोलावणं आल्यासारखं आकाशाकडे बघा. चिलखताच्या पाठीवर कंपनीचं बोधचिन्ह असेल तर उडताना पाठ त्याच्याकडे करू नका.

राहता राहिलं डिझेल. लढाईत टाकी फुटली असेल तर ते समुद्रावर पसरलेलं असतं. पाणी लागलं की आग विझते, अशी आपली भाबडी समजूत. बायझंटाइनांच्या, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याच्या, आरमाराने सातव्या शतकातच शत्रूच्या जहाजांवर असा पदार्थ फवारला होता, जो पाण्यावरही जळत राहायचा. त्याची नेमकी कृती आजही सापडलेली नाही. तुम्हाला कृती शोधायची गरज नाही. डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं, आगलाव्या नेमका त्याच्यातच कोसळलेला असतो, आणि आता तो जळता तवंग ओहोटीबरोबर हळूहळू सरकतोय.

कुठे सरकतोय ते आधी पाहून घ्या. जेटीकडे, जिथे मालकाची बोट बांधलेली आहे, तर लगेच झेप घ्या. व्हिडिओवाले अजून पांगलेले नाहीत. पलीकडच्या बेटाकडे, जिथे त्या हलवलेल्या गावाच्या होड्या वाळूवर ओढून ठेवल्यात आणि मागच्या जिन्यापाशी फोटो लागणाऱ्या माणसाचं घर आहे, तर छातीतल्या दिव्याकडे बघा, मान हलवा आणि मॅनेजरला सांगा की चार्जिंग नेमकं चार टक्क्यांवर आलंय. चार्जर कुठे आहे, हे त्याने विचारायच्या आत उडा.