करंगळीची सुई आणि मेंदूचे रंगीत फोटो

"एमआरआयमध्ये सिद्ध! इलेक्ट्रोॲक्युपंक्चर मेंदूतलं वेदनेचं केंद्रच बंद करतं. पायाच्या करंगळीला सुई टोचली की दृष्टीचं केंद्र उजळतं. औषध नको, ऑपरेशन नको!" लाल-पिवळ्या मेंदूच्या फोटोसकट हा मेसेज मला तीन ग्रुपवर आला. (इलेक्ट्रोॲक्युपंक्चर म्हणजे टोचलेल्या सुयांतून सौम्य करंट सोडणं.) तो वाचून माझ्या मावशीने हाताची तपासणी पुढे ढकलली, म्हणून हे लिहितेय.

आधी करंगळी. हे कुणी मनाने रचलेलं नाही. १९९८ मध्ये झांग-ही चो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पीएनएएस या नामवंत नियतकालिकात तसा निबंध छापला होता. पण २००६ मध्ये त्यातल्या अनेक लेखकांनी, चोंसकट, तो मागे घेतला. मेसेज मात्र अजून फिरतोच आहे.

"वेदनेचं केंद्र" असं बंद करण्याजोगं एक ठिकाण मेंदूत नाही. थॅलॅमस, इन्सुला, सिंग्युलेट कॉर्टेक्स, स्पर्शाचा पट्टा असे बरेच भाग मिळून दुखणं घडवतात, आणि हेच भाग इतर कामांतही गुंतलेले असतात.

"एमआरआयमध्ये सिद्ध" हे तर सर्वात फसवं. फंक्शनल एमआरआय वेदना मोजत नाही. रक्तातल्या ऑक्सिजनमुळे सिग्नलमध्ये होणारा बारीकसा फरक तो टिपतो, आणि रंग संख्याशास्त्राचं गणित करून नंतर भरले जातात. ते गणित ढिलं ठेवलं तर काय होतं हे २००९ मध्ये संशोधक क्रेग बेनेट यांनी दाखवलं. स्कॅनरमध्ये मेलेला सामन मासा ठेवून त्याला माणसांचे फोटो 'दाखवले', तर माशाच्या मेंदूतही ठिपका उजळला! गणित नीट केल्यावर तो गेला.

मग सगळंच खोटं का? नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत बीजिंगचे संशोधक हान जिशेंग यांना २ हर्ट्झ आणि १०० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला २ आणि १०० झटक्यांच्या) करंटने वेगवेगळी वेदनाशामक रसायनं स्रवताना दिसली. माणसांवरचा मला सर्वात मोलाचा वाटतो तो २०१७ चा 'ब्रेन' नियतकालिकातला अभ्यास, कारण तो मावशीच्याच दुखण्यावर, कार्पल टनेलवर (मनगटात नस दबण्यावर) आहे. ८० रुग्ण, आठ आठवड्यांत १६ बैठका. एका गटाला मनगटाजवळ खऱ्या सुया आणि करंट, दुसऱ्याला दूर, पायाच्या घोट्याजवळ, तिसऱ्याला त्वचेत न शिरणाऱ्या खोट्या सुया. दुखणं आणि मुंग्या तिन्ही गटांत कमी झाल्या, जवळपास सारख्याच. पण मनगटातल्या नसेचा संदेशवेग फक्त खऱ्या सुयांनी सुधारला. मेंदूच्या स्पर्शपट्ट्यात शेजारच्या दोन बोटांच्या जागा एकमेकींत मिसळल्या होत्या, त्या पुन्हा वेगळ्या होऊ लागल्या, आणि ज्यांच्यात हा बदल जास्त त्यांचा आराम तीन महिन्यांनंतरही जास्त टिकला.

मला हे विलक्षण वाटतं. पण मेसेज जे म्हणतो ते हे नव्हे. स्कॅनमध्ये खऱ्या-खोट्या सुयांत फरक दिसला, आणि रुग्णाला जाणवलेला आराम तरीही सारखाच राहिला. फायब्रोमायाल्जियाच्या (अंगभर दीर्घकाळ दुखण्याच्या आजाराच्या) रुग्णांवरच्या २००९ च्या पेट स्कॅन (PET, मेंदूतल्या रसायनांचं काम दाखवणारा स्कॅन) अभ्यासातही असंच दिसलं होतं.

उरलं "औषध नको, ऑपरेशन नको". यातल्या एकाही स्कॅनने हे म्हटलेलं नाही. मावशी रात्री हात झटकत उठते, चहाचा कप तिच्या बोटांतून निसटतो. परवा तिचा तळवा उजेडात धरला, तर अंगठ्याखालचा मांसल उंचवटा दुसऱ्या हातापेक्षा सपाट दिसला. नस बराच काळ दबली की तिथला स्नायू असा झिजतो, आणि फार झिजला तर पुरता भरून येत नाही. सुया घ्यायच्या तर तिने जरूर घ्याव्यात, मी अडवणार नाही. पण तिने पुढे ढकललेल्या तपासणीची, नर्व्ह कंडक्शनची (नसेचा संदेशवेग मोजण्याची) तारीख मी पुन्हा घेतली आहे, गुरुवारची, आणि तिच्यासोबत मी जाणार आहे.